आक्काने न केलेला फोन

आमच्या अतिदक्षता विभागाची इनचार्ज सिस्टर म्हणजे आक्का. गुडघे कुरकुरतात, निवृत्ती दाराशी आली आहे, पण पेशंटच्या चादरीची सुरकुती तिला लांबूनही दिसते. तिला बघून नवे डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढतात. मी तिच्याच हाताखाली शिकले आणि तिच्याशीच सर्वात जास्त भांडले, कारण बाई महाहट्टी. एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाही.

एका फोनशी मात्र तिचं कायमचं वाकडं. नियम तसा साधा आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या डोळ्यांतल्या बाहुल्या उजेडाला हलेनाशा झाल्या, घशातली नळी साफ करताना खोकलाही येईना, की लगेच अवयवदानाच्या समन्वयक बाईंना कळवायचं. नुसतं कळवायचं. मेंदू मृत झालाय का ते डॉक्टर तपासणार, आणि घरच्यांशी दानाचं बोलणार त्या बाई, तेही वेळ बघून. पण आक्का फणकारायची, "अंग अजून गरम आहे आणि आपण मागायला उभं राहायचं? मला नाही जमत."

मागे एक वायरमन शिडीवरून पडून आमच्याकडे आला. डोक्याला जबर मार. बायको शिवणकाम करणारी, बाहेरच्या बाकावरून हलायला तयार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आक्कानेच त्याच्या डोळ्यांवर टॉर्च मारला, नळी साफ केली. काहीच नाही.

"आक्का, फोन," मी म्हटलं.

"त्याचा भाऊ निघालाय. येऊ दे त्याला."

"फोन केला तर भावाचं काय बिघडणार आहे?"

"तू तुझी खाट बघ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर आक्का दुष्ट नाही हो. तिने त्या बायकोला आत बोलावलं, बसायला स्टूल दिलं, नवऱ्याचा हात तिच्या हातात दिला आणि स्वतः पडदा ओढून घेतला. इतकी माया सख्खी बहीण करणार नाही.

दुपारी त्याचा रक्तदाब घसरायला लागला. औषध वाढवलं, डॉक्टर धावत आले, छाती दाबून दाबून घामाघूम झाले. हृदय थांबलं ते थांबलंच. भाऊ अजून वाटेतच होता.

थोड्या वेळाने बायको पदराने तोंड पुसत आक्कापाशी आली. "सिस्टर, ह्यांच्या किडन्या, लिव्हर कुणाला देता येईल ना? ह्यांचा एक सोबती डायलिसिसवर आहे. त्याला भेटून आले की म्हणायचे, माझं काही झालं तर सगळं देऊन टाक."

आक्काचा चेहरा पडला. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही.

"डोळे देता येतील, ताई. बाकीचं आता नाही. हृदय चालू होतं तेव्हाच कळवायला हवं होतं. सकाळी. ते माझं काम होतं."

"मग का नाही कळवलंत?"

"म्हटलं, तुम्हाला आधी मोकळेपणी रडू द्यावं."

त्या बाईने आवाजही चढवला नाही.

"परवापासून रडतेच आहे मी," ती म्हणाली. "विचारलं असतंत, तर रडत रडतच हो म्हणाले असते."