पुढचा जिना

कमानीखाली आलं की काकू नव्या माणसाच्या मानेवर हात ठेवायच्या आणि खाली दाबायच्या. "वाक," म्हणायच्या. "इथे वाकायचं असतं."

वाकायची काहीच गरज नव्हती. इंग्लंडमधल्या लेस्टरबाहेरच्या जुन्या रस्त्यावरचं ते घोडागाड्यांच्या काळातलं हॉटेल. त्या कमानीतून अख्खी गाडी, घोड्यांसकट, आत अंगणात जायची. टपावर बसलेल्या स्वस्त तिकिटवाल्यांना तेवढं डोकं खाली घ्यावं लागे, नाहीतर ते कमानीवर आपटे. काकूंना ही गोष्ट फार आवडायची. पाहुण्यांना सांगताना शेवटी हमखास म्हणायच्या, की आत बसलेल्यांना कळायचंसुद्धा नाही. आणि हसायच्या.

मी तिथे शनिवार-रविवार खोल्या आवरायला जाते. आमच्या घरात युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिलीच, आणि विषय घेतला जुन्या इमारतींचं जतन. बाबांना अजून तो लोकांना नीट सांगता येत नाही. काकू तिथल्या हाउसकीपर. मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा गेल्यापासून कमानीवरच्या खोलीत राहायच्या. खाली पोकळ कमान, त्यामुळे त्या खोलीची जमीन बारा महिने गार. मी घातलेली चादर उचकटून टाकत त्या विचारायच्या, "हे शिकवत नाहीत का गं तुमच्या युनिव्हर्सिटीत? मग शिकवतात तरी काय?"

इमारतीला दोन जिने आहेत. पुढचा ओकचा, रुंद, पाहुण्यांसाठी. मागचा स्वयंपाकघराच्या धुराड्याला वळसा घालून उतरणारा, अंधारा, कठड्याऐवजी दोर लावलेला. तो नोकरांचा. मालकांनी हा नियम केव्हाच सोडून दिला होता, काकूंनी नाही. आना नावाची रोमानियाची मुलगी आमच्याबरोबर काम करायची. ती पोटुशी असताना एकदा चादरींची टोपली घेऊन पुढच्या जिन्याने अर्ध्यापर्यंत उतरली. खाली काकू उभ्या. त्यांनी जिन्याच्या खांबावर बोटांनी टकटक केलं.

"पाहुण्यांचा जिना पाहुण्यांसाठी."

आना परत वर चढली आणि मागून, रडत उतरली. पलीकडे पाहुण्यांचा नाश्ता चालला होता.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा राग येतो, मलाही यायचा. पण एका दुपारी अंगणाकडच्या लाकडी सज्ज्यात बसून गुडघ्यांना तेल चोळताना त्या म्हणाल्या, "मी जाईन ना, त्या दिवशी पुढच्या जिन्याने उतरणार. पाहुणी म्हणून." मग लगेच माझ्याकडे बघून, "कुणाला सांगशील तर बघ."

तो दिवस या वसंतात आला. नव्या मालकांना कमानीवरची खोली पाहुण्यांना द्यायची होती. जुन्या तुळया, खालून घोडागाड्यांची वाट, वेबसाइटवर छान दिसणार. काकूंनी लंडनमधल्या हॅरोला, मुलाकडे जायचं ठरलं. त्यांची जागा आनाला मिळाली.

काकू निळी रेशमी साडी नेसल्या होत्या, वर थंडीचा कोट. मी बॅग घेऊन मागे. पुढच्या जिन्याच्या तोंडाशी आना उभी होती. तिने खांबावर बोटांनी टकटक केलं. हुबेहूब तसंच.

"पाहुण्यांचा जिना पाहुण्यांसाठी," ती इंग्रजीत म्हणाली.

मी मध्ये पडले, म्हटलं, आना, प्लीज, त्यांचे गुडघे बघ. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. काकू मात्र तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, आता त्या ओरडतील, किंवा रडतील. त्या वळल्या. मागच्या जिन्याकडे जाताना मला म्हणाल्या, "चांगली शिकली."

आवाजात काय होतं, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. कौतुकही असेल.

दोर दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर बसत त्या उतरल्या. साडीला भिंतीची काजळी लागली. मी पुसायला गेले तर हात झटकला. अंगणात मुलगा गाडी सुरू ठेवून उभा होता. उशिरावरून काहीतरी कुरकुरला. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी कामावर एक नवी मुलगी आली, ब्राझीलची, घाबरलेली. आनाने तिला कमानीखाली आणलं, मानेवर हात ठेवला आणि खाली दाबला.

"वाक," ती म्हणाली. आमच्या भाषेतला तिला येणारा तो एकच शब्द.

मुलीला तो कळला नसणार. पण ती वाकली.