मिस्त्रींचे तीन ठिपके

चौसाळ्याचे मिस्त्री कुठलंही मशीन उघडलं की बंद करण्याआधी आतल्या भागावर लोखंडी पंच ठोकून तीन बारीक ठिपके मारायचे. चुलीच्या तीन दगडांसारखे, आणि बाहेरून दिसणार नाहीत असे. "नाव कुणीबी खरवडून काढतंय," ते म्हणायचे, "ठिपके कुठं हायेत ते मलाच ठावं." माणूस किडकिडीत, पण राग धरण्यात त्यांचा हात धरणारा मला दुसरा भेटला नाही.

मी लाकूडतोड कामगारांच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आमच्याकडे साखळीच्या करवतीची पाच परदेशी मशीनं होती, इतकी जुनी की त्यांचे सुटे भाग जगात कुठे मिळत नसावेत. मिस्त्री अडकलेला पिस्टन आठवडाभर डिझेलमध्ये बुडवून ठेवायचे, माझ्या जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यातून गॅस्केट कापायचे आणि दोरी ओढताना मशीनला दटावायचे, "ऊठ बे, लई झोपलास." ते उठायचं.

मग दुष्काळ आला. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि आमचं तोडीचं काम तेवढं वाढलं. त्याच उन्हाळ्यात एका मशीनचा कार्बोरेटर गायब झाला. चेअरमननी भर सभेत मिस्त्रींकडे बोट दाखवलं. चोरीबद्दल कामावरून काढून टाकावे, असा ठराव आला. हा माणूस चोरी करणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सगळ्यांबरोबर माझाही हात वर गेला आणि 'सर्वानुमते मंजूर' हे मीच लिहिलं. चेअरमन नाराज झाले तर माझी नोकरी जाईल, एवढीच भीती होती.

मिस्त्रींनी स्टँडजवळ पत्र्याचं दुकान टाकलं. मी जात राहिलो. ते चहा पाजायचे आणि शांतपणे म्हणायचे, "म्हना शेक्रेटरी, ठराव. पाठ असंल की." मला म्हणावा लागायचा, दुकानात गिऱ्हाईक असलं तरी. माझी सायकल, माझा इंजिनवाला फवारणीचा पंप, सगळं ते नीट करून द्यायचे, पण ठिपके मारायचे नाहीत. एकदा विचारलं, "माझ्या वस्तूवर का म्हून मारत न्हाई?" तर म्हणाले, "ज्याच्यावर भरोसा हाय त्याच्याच वस्तूवर माझी खूण."

नऊ वर्षांनी चेअरमनच्या स्वतःच्या बागेतलं तसलंच करवतीचं मशीन, मिस्त्रींनी कधीच न उघडलेलं, चेअरमनचा गडी दुकानात घेऊन आला. साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी दुसरीकडे पाठवलं असतं. गड्याला जुनी भानगड माहीत नव्हती. मिस्त्रींनी कार्बोरेटरचं झाकण काढलं. आत तीन ठिपके. मला बोलावून दाखवताना त्यांच्या तोंडावर दिवाळी होती. "सभेत उघडीन हे," ते म्हणाले. "त्याच्याच म्होरं."

सभेला बारा दिवस असताना चेअरमन छातीत कळ येऊन गेले. मी सांगायला गेलो तर मिस्त्री हातातली कानस खाली ठेवून म्हणाले, "असा कसा सुटला?"

स्मशानात आमच्याकडे श्रद्धांजलीची भाषणं होतात. चार-पाच जण बोलले, साहेब देवमाणूस होते वगैरे. मग मिस्त्री उभे राहिले. लोकांना वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी खिशातून कार्बोरेटर काढला.

"जिचा माझ्यावर आळ घेतला ती ही वस्तू," ते म्हणाले. "सायबांनी नऊ वर्सं जिवापाड सांभाळली, सोताच्या मशीनमदी. आत माझे ठिपके हायेत. ज्याला बघायचं त्यानं यावं. देव त्यांना शांती देवो."

एकेक करत जुने तोडकामगार पुढे झाले आणि वाकून बघून आले. मागे चिता जळत होती. मेलेल्या माणसाबद्दल असं वाटू नये, पण मला आनंद झाला. आजही होतो.

पुढच्या सभेत मी जुना ठराव रद्द करून घेतला आणि नवा वाचून दाखवायला धावत दुकानात गेलो. मिस्त्रींनी पूर्ण ऐकला. चहा सांगितला.

"चांगला लिवलाय," ते म्हणाले. "आता जुना म्हना."

त्यानंतर एकदाच त्यांनी माझा फवारणीचा पंप दुरुस्त करून दिला. मिस्त्री गेल्या उन्हाळ्यात गेले. स्मशानातून घरी आलो, अंघोळ केली आणि तो पंप अंगणात घेऊन बसलो. त्या शेवटच्या वेळी तरी ठिपके मारले असतील, असं वाटत होतं. एकेक झाकण काढलं, चिंधीनं पुसलं, उन्हात धरून पाहिलं. पंप अजून पहिल्या दोरीला चालू होतो. ठिपके कुठेच नाहीत.