रिकाम्या जागेची मोजणी

वेधशाळेत नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असणार. कसलं काय! मोजणीबाईंनी उभ्या नोकरीत दुर्बिणीतून एकदाच काय तो चंद्र पाहिला होता, तोही पाहुण्यांच्या रांगेत उभं राहून, मागच्या माणसाची कोपरं खात. त्या सकाळी नऊला यायच्या, पाचला निघायच्या आणि रात्री दहाच्या आत गाढ झोपलेल्या असायच्या. शेजाऱ्यांची तर समजूत होती की त्या जमीनमोजणीच्या कचेरीत आहेत. एकदा तर कोपऱ्यावरचा बेकरीवाला कुंपणाच्या भांडणाचे कागद घेऊन घरी आला होता. त्याला कसं सांगायचं की बाबा रे, मी मोजते त्या मुलखात अजून कुणी कुंपण घातलेलं नाही?

त्यांचं आकाश काचेवर असायचं. काच चहाच्या ट्रेएवढी. दुर्बिणीनं रात्री काढलेला फोटो तिच्यावर उमटलेला, आणि तोही उलटा, म्हणजे आकाश पांढरं आणि तारे काळे. खालून उजेड सोडणाऱ्या टेबलावर ती काच ठेवायची, वर सूक्ष्मदर्शक, त्याच्या भिंगात आखलेल्या बारीक चौकटी, आणि उजव्या मुठीत अंगठ्यानं दाबायचं मोजयंत्र. एकेका चौकटीत दीर्घिका किती, ते मोजायचं. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच, अब्जावधी ताऱ्यांची एक अख्खी वस्ती, पण काचेवर ती मोहरीहूनही बारीक. तारा टाचणीनं टोचल्यासारखा नेमका दिसतो, दीर्घिका मात्र कडेनं कापसासारखी पिंजलेली. पिंजलेला ठिपका दिसला की टिक. एका काचेवर बाराशे शहाण्णव चौकटी, आणि दोन दिवसांत एक काच. असं चौदा वर्षं चाललं होतं.

कंटाळा? छे! त्यांना त्या पांढऱ्या रात्रीत हिंडायला मनापासून आवडायचं. एका चौकटीतून दुसरीत पाऊल टाकावं, कुठे चारच ठिपके भेटावेत, कुठे एकदम तीस-चाळीसांचा घोळका. दुपारी डोळे मिटून खुर्चीत रेलल्या, की पापण्यांच्या आतही ठिपके तरंगत राहायचे. घरी जाताना बसथांब्यावरची माणसंही त्यांना तशीच दिसायची, इकडे दाटीवाटी, तिकडे मोकळं, आणि मधून एक विरळ रांग.

त्या वर्षी वेधशाळेत एक नवी संशोधक आली. वयानं लहान, चष्मा कायम डोक्यावर चढवलेला आणि शोधायची मात्र टेबलाखाली. तिचं काम एकच होतं, मोजणीबाईंचे चौदा वर्षांचे आकडे एकत्र करून आकाशाचा नकाशा काढायचा. म्हणून ती नकाशावाली. तिनं पहिला नकाशा भिंतीवर लावला तेव्हा मोजणीबाई खुर्ची सोडून त्याच्याजवळ गेल्या. एवढी वर्षं एकेक ठिपका टिपला आणि त्याचं हे असं झालं! कुठे गाठी, गाठीगाठींना जोडणारे लांबच लांब धागे, आणि धाग्यांच्या मध्ये मोकळ्या जागा.

"बाई, दीर्घिका कुठेही विखुरलेल्या नसतात," नकाशावाली म्हणाली. "त्यांचा गोतावळा असतो. सगळ्यात मोठ्या, वजनदार दीर्घिका या गाठींत बसतात, आणि त्या जिथे बसतात तिथेच बाकीच्या गोळा होतात. मोठ्या कुठे आहेत ते कळलं की विश्वाची सगळी वीण कळते."

"म्हणजे आमच्या वन्सं," मोजणीबाई म्हणाल्या. "जिथे बसतील तिथे आळीतल्या बायका जमतात." दोघी हसल्या.

पण नकाशावाली लवकरच हसायची थांबली. नकाशाच्या उजव्या अंगाला एक भलंमोठं भगदाड होतं. पंधरा काचांएवढं. इतकी मोठी रिकामी जागा तिनं कुठेच पाहिली नव्हती. तिनं वही काढून त्या काचांच्या तारखा पाहिल्या, मग चष्मा डोक्यावरून काढला आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाई, हे सात आठवडे... नऊ वर्षांपूर्वीचे. तेव्हा तुमची तब्येत बरी होती ना?"

मोजणीबाईंनी तारखांवर बोट फिरवलं. ते सात आठवडे त्यांना पाठ होते. त्या सात आठवड्यांत त्यांचा नवरा रुग्णालयात होता आणि सातव्या आठवड्याच्या शेवटी तो गेला.

रात्री आणि सकाळी वन्सं, म्हणजे त्यांची थोरली नणंद, भावाच्या उशाशी बसायच्या. दुपारी दोनला मोजणीबाई वेधशाळेतून तडक तिथे जायच्या. अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती, पुरी मागितली असती तर तीही मिळाली असती. त्यांनी मागितली नाही. का, ते त्यांना तेव्हाही सांगता आलं नाही. नवरा गेल्यावर चौथ्या दिवशी त्या डबा भरून कामावर निघाल्या, तेव्हा दारात उभ्या राहून वन्सं म्हणाल्या होत्या, "एक टिपूस काढलं नाहीस डोळ्यांतून. दगड आहेस तू, दगड!" त्यानंतर नऊ वर्षं दोघी एकाच घरात राहिल्या. वन्संचं शिवणयंत्र खिडकीशी, मोजणीबाईंची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी. भांडण नाही की तंटा नाही. पण तो शब्द काही त्या घरातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. वेधशाळेचे प्रमुख, सज्जन माणूस, वाईट बोलायची वेळ आली की पेन्सिल तासत बसायचे. "बाई, तुमच्यावर संशय नाही हो," ते पेन्सिलीला म्हणाले. "पण माणूस थकतं. दुःखात नजर फसते. हे भोक आकाशाला आहे की... म्हणजे, छापण्याआधी खात्री हवी. आकडे चुकीचे निघाले, तर ते सात आठवडे खोडावे लागतील. आणि मग लोक बाकीच्या चौदा वर्षांबद्दलही विचारतील."

मोजणीबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. चौदा वर्षांत कुणी त्यांच्या आकड्याकडे बोट दाखवलं नव्हतं. "तपासा," त्या म्हणाल्या. "खुशाल तपासा. मीच मोजते परत."

पण संध्याकाळी घरी चालत येताना भलतंच काहीतरी झालं. त्यांच्या मनात आलं, समजा आकडे चुकीचेच निघाले तर? समजा त्या सात आठवड्यांत खरंच शेकडो दीर्घिका नजरेतून सुटल्या असतील तर? मग त्या दगड नव्हत्या! त्या रडल्या नाहीत, पण त्यांचे डोळे आंधळे झाले होते, आणि त्याचा पुरावा आकाशाच्या नकाशावर होता. पंधरा काचांएवढा. कुणालाही बोट ठेवून दाखवता येईल, वन्संनाही, की हे बघा, माझं दुःख एवढं होतं. त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. समोर कुणाच्या गॅलरीत चादरी वाळत होत्या, वाऱ्यानं फुगत होत्या, आणि त्या पांढऱ्या चादरींत त्यांना ते भगदाड दिसत राहिलं. मऊ, शांत, आत शिरून निजावंसं वाटणारं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला आकडा चुकायला हवा होता.

फेरमोजणी सोमवारी सुरू झाली. नकाशावालीनं त्या पंधरा काचांमध्ये दुसऱ्या पंधरा मिसळल्या आणि सगळ्यांच्या नंबरांवर कागद चिकटवले, म्हणजे कुठली काच कुठली ते बाईंना कळू नये. भाबडी पोर! चौदा वर्षं काचा हाताळलेल्या बाईला ओरखड्यांवरून काच ओळखता येत नाही होय? तिसरीच काच त्यांनी ओळखली. कोपऱ्याशी नखाएवढा टवका उडालेला. ती शेवटच्या आठवड्यातली होती.

सकाळचे साडेदहा झाले होते. खोलीत त्या एकट्याच. चौकटीत दोन ठिपके होते. टिक, टिक. पुढच्या चौकटीत एकही नव्हता. अंगठा मोजयंत्रावर तसाच राहिला. मग त्यांनी दाबलं. टिक. काही झालं नाही. छत कोसळलं नाही, कुणी आत आलं नाही. पुढच्या चौकटीत एक होता, त्यांनी तीन दाबले. किती सोपं होतं! प्रत्येक चौकटीत एक-दोन जास्त, की पंधराव्या काचेपर्यंत भगदाड भरून गेलं असतं. मोठ्या साहेबांनी हळहळत ते सात आठवडे खोडले असते, आणि नऊ वर्षांनी का होईना, त्या माणसात आल्या असत्या.

अकराव्या चौकटीवर त्या थांबल्या. तिथे पांढरं होतं, नुसतं पांढरं, आणि कडेला एकच बारीक, पिंजलेला ठिपका. बिचारा. तो तेवढा एकटाच तिथे होता आणि त्या त्याच्या आजूबाजूला खोटी माणसं बसवत होत्या. त्यांना स्वतःची शिसारी आली. मोजयंत्राची चावी फिरवून त्यांनी आकडा शून्यावर आणला, काच पहिल्या चौकटीवर सरकवली आणि पुन्हा सुरुवात केली. ती काच संपायला तीन दिवस लागले. बाकीच्यांना मिळून दोन महिने.

निकाल सांगायला नकाशावाली धावतच आली. जुना आकडा आणि नवा आकडा, सगळे जवळपास सारखे. कुठे दोनचा फरक, कुठे पाचचा. शेजारच्या काचांच्या कडा एकमेकींवर येतात, म्हणजे आकाशाची तीच पट्टी बाईंनी दुसऱ्या वर्षी दुसऱ्या काचेवरही मोजलेली होती, तिथेही जुळलं. "आणि हे बघा!" तिनं एक पारदर्शक कागद नकाशावर पसरला. त्यावर लाल खुणा होत्या. दुसऱ्या एका वेधशाळेनं फक्त मोठ्या, वजनदार दीर्घिकांची स्वतंत्र यादी केली होती, त्यांची अंतरंही मोजून. "या इतक्या ठळक असतात की झोपेतही सुटायच्या नाहीत. बघा कुठे आहेत त्या."

लाल खुणा गाठींत दाटल्या होत्या, धाग्यांवरून ओळीनं गेल्या होत्या. आणि भगदाडाच्या कडेकडेनं त्यांनी असा वळसा घातला होता, जशी एखाद्या तळ्याच्या काठानं वस्ती वसावी. आत एकही नव्हती.

"जागा खरंच रिकामी आहे बाई! तुमची एकही चूक नाही. त्या दिवसांतसुद्धा! कसं जमलं हो तुम्हाला?"

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर हात जोडले. लेखात बाईंचं नाव येणार होतं. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मोजणीबाईंना वाटत होतं की कुठेतरी जाऊन बसावं. एकही चूक नाही. नवरा तिकडे श्वास मोजत होता आणि इकडे यांचा अंगठा एकदाही चुकला नव्हता.

त्या घरी आल्या तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. वन्सं कुणाच्या तरी घागऱ्याला कड घालत होत्या. मोजणीबाई चप्पल न काढता खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. भगदाड, तारखा, फेरमोजणी, खोटे दाबलेले आकडेही. काही म्हणून लपवलं नाही.

"एकही चूक नाही, वन्सं. तुम्ही बरोबरच म्हणाला होतात. दगड आहे मी."

यंत्र थांबलं. वन्संनी बराच वेळ घागऱ्याची कड नखानं चेपली.

"तुला एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "राहिलंय कसलं, मुद्दामच नाही सांगितलं मी. तू दुपारी आलीस की तो तुला काय विचारायचा, आठवतंय?"

"आज किती झाल्या, म्हणून विचारायचे."

"हं. बारापासून दाराकडे डोळे लावून असायचा त्यासाठी. आधी तू आठशे, नऊशे सांगायचीस. मग आकडा उतरायला लागला. सहाशे. मग पाचशे. एक दिवस तू चारशे म्हणालीस आणि पाणी आणायला बाहेर गेलीस. तेव्हा तो मला म्हणाला, 'ताई, ती माझ्यासमोर रडत नाही म्हणून तिच्यावर चिडू नकोस. तिचा आकडा बघ. तिला काचेवरचं दिसेनासं झालंय. तिथे बसून रडत असणार ती.'" वन्संनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला. "आणि हे ऐकूनसुद्धा मी तुला दारात तसं बोलले. रात्रंदिवस मी त्याच्या उशाशी, आणि मरताना त्याला कळवळा कुणाचा, तर तुझा. मला सहन झालं नाही ते."

मोजणीबाईंनी मान हलवली. "नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यांचं चुकलं. मी रडत नव्हते. तिथे दीर्घिकाच नव्हत्या. त्या दिवशी खरंच चारशे होत्या, वन्सं. मी नीट मोजल्या होत्या."

"बरं."

"चारशेच होत्या हो," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा म्हणायला गेल्या तेव्हा शब्दाऐवजी हुंदका आला. नऊ वर्षांचं सगळं एकदम वर आलं. वन्सं घागरा टाकून उठल्या, त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"असू देत गं," त्या म्हणत होत्या. "असू देत चारशे."