यादीत नसलेलं विष

सरकारी विमा योजनेत प्रत्येक उपचाराला एक कोड असायचा आणि यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात ते कोड भरायचं काम माझ्याकडे होतं. कापसावर फवारणी सुरू झाली की ‘कीटकनाशक विषबाधा’चा कोड इतक्यांदा लागायचा की मी तो झोपेतही सांगितला असता.

त्या हंगामात दारव्ह्याकडची एक शिवणकाम करणारी बाई आली. पापण्या मिटलेल्या, जीभ जड, श्वास पुरेना. बाटलीत बंद करून ठेवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, खाल्ल्यानं हे झालं, असं डॉक्टर म्हणाले. बोट्युलिझम. त्यावरचं प्रतिविष नागपूरलाही मिळेना. उरलं व्हेंटिलेटर, आणि त्याच्या मंजुरीला कोड हवा. मी यादी तीनदा चाळली. साप होता, विंचू होता, हे नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी आमचं रोजचंच गाढव धरलं. कीटकनाशक विषबाधा. तासाभरात मंजुरी आली आणि मी स्वतःवर खूश झालो. आज त्याची लाज वाटते.

कागदावर विष आलं की पोलीस जबाब घ्यायला येतात. ते आले आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बाईनं औषध घेतलं, म्हणजे जीव द्यायला फवारणीचं विष प्यायली. तिची आई आली ती थेट तिच्या कानाशी वाकली. ‘काहून घेतलं व माय औषद? मले एका शब्दानं सांगतलं काहून नाही?’

पोरगी सगळं ऐकत होती. या आजारात अंग लुळं पडतं, शुद्ध जात नाही. म्हातारी दिवसभर तेच विचारी आणि पोरीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळे. खरं सांगितलं तर मंजुरी जाईल, या धाकानं मी पाच दिवस मूग गिळून बसलो. स्वतःची किळस यायची.

सहाव्या दिवशी राहवेना. म्हातारीला बाजूला घेतलं. ‘माय, तिनं औषद नाही घेतलं. मशीन भेटावी म्हणून मीच तसं लिवलं. तिले बाटलीतले वास्ते बाधले.’

मला वाटलं, शिव्या घालेल. तिचा चेहरा तर क्षणभर उजळला. मग ती म्हणाली, ‘ते तं म्याच भरून देल्ते.’

त्यानंतर ती खाटेजवळ फिरकली नाही. जिन्याखाली बसून असायची.

तिसऱ्या आठवड्यात पोरीनं डोळे उघडले. आवाज नव्हता, ओठांनीच ‘माय’ म्हणाली. मी धावत खाली गेलो. ‘चाल, पोरगी बोलावून राह्यली.’

म्हातारीनं माझा हात घट्ट धरला. ‘तिले सांग,’ ती म्हणाली, ‘माय गावाले गेली.’