एकोणचाळीसचा ताप

सूनबाईने नातीच्या काखेतला थर्मामीटर पाहिला. "आई, एकोणचाळीस." मी कपाळावरच्या पट्ट्या भिजवायला घेतल्या.

लग्नानंतर दिरांनी परदेशातून असाच सेल्सिअसचा थर्मामीटर पाठवला होता. ह्यांचं कपाळ भाजत होतं, पण पारा एकोणचाळीसवर. शंभराच्या खाली कसला ताप? अंग गार पडतंय असं ठरवून मी, विज्ञानाची पदवीधर शहाणी, ह्यांच्यावर दोन गोधड्या घालून बसले. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. त्या दुखण्यात ह्यांचा डावा कान कायमचा गेला.

"बरंय, आता तुझं अर्धंच ऐकू येतं," म्हणायचे.

अजूनही आपल्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये. सगळ्याला एकच माप असतं तर?

ह्यांना जाऊनही वर्षं झाली. "चुकलं माझं," असं मी एकदाच म्हटलं होतं, तेही डाव्या कानाशी.