सर्जेरावाच्या पथ्याचा कागद

हसू नका, असं आधीच सांगून ठेवतो. म्हणजे हसाल, सगळेच हसतात. पण निम्मं ऐकून झालं की हसणारा माणूस हातातली कपबशी खाली ठेवतो, असा माझा अनुभव आहे. तेव्हा चहा आधी संपवा. तर काय सांगत होतो? मी एकदा एका माणसाला जवळजवळ मारलं होतं. बंदुकीनं नाही, कुऱ्हाडीनं नाही. पुरणपोळीनं!

लढाई संपली त्या सालची गोष्ट. उंब्रजपासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि तिथल्याच शाळेत मी मास्तर. साताऱ्याला राहून थोडं इंग्रजी शिकलेला. मिळतील तिथून जुनी मासिकं आणायची, त्यातलं नवलाचं काही वाचायचं आणि संध्याकाळी चावडीवर सांगायचं, ही माझी खोड.

एकदा सांगितलं, की मिरची आपली नाहीच. ती फिरंग्यांनी जहाजातून आणली.

"मंग मास्तर, आमचं वाडवडील भाकरीसंगं काय खात हुतं?"

"लाडू!" मागनं कुणीतरी ओरडलं.

तात्या पाटील तर उठूनच गेले. "उद्या म्हनशील, भाकरी बी विलायतंची!"

दुसऱ्यांदा सांगितलं, माणसाच्या पोटात वीस-बावीस फूट लांब आतडं असतं. कुणाचा विश्वास बसेना. मग काय, विहिरीचा दोर आणून चावडीपुढं मोजून दाखवला. बायका पोटाला हात लावून घरी गेल्या.

सांगायचं म्हणजे, गाव मला हसायचं पण मानायचंही. तार आली, कोर्टाचा कागद आला, की बोलवा मास्तरला. मी वाचीन ते खरं.

अशात एका बाजारी मी उंब्रजला गेलो होतो. सर्व्हिस मोटार थांबली आणि एक म्हातारा शिपाई उतरला. गालफडं बसलेली, कोट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर. माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"दत्त्या, वळाकलं न्हाईस व्हय रं?"

सर्जेराव! तालमीत माझी मान काखेत धरून मला तांबडी माती चाटवणारा सर्जेराव! सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती लागला. साडेतीन वर्षं पत्र नाही, खबर नाही. मी आधी त्याची वळकटी बैलगाडीत टाकली, मग त्याला उचलून बसवला. दोन्हींच्या वजनात मला फारसा फरक लागला नाही. मला रडू आलं. गाडी मीच हाकत होतो म्हणून बरं, त्याला दिसलं नाही.

त्याची आई हौसाक्का. विधवा, एकुलता एक लेक. तो हरवल्यापासून तिनं घरात पुरण शिजवलं नव्हतं. "ल्योक येईल तवाच," म्हणायची. साडेतीन वर्षांत होळ्या आल्या, पोळे गेले, तिच्या चुलीवर पोळी नाही.

त्या दिवशी सगळी आळी तिच्या अंगणात लोटली. पोराला कवटाळून झालं, दृष्ट काढून झाली, आणि मग तिला त्याच्या कोटाच्या खिशात एक कागद सापडला. पुण्याच्या लष्करी इस्पितळातला, इंग्रजी.

"मास्तर, वाच रं. काय म्हंतोय डाक्टर?"

वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: दोन महिने भाताची पेज, ताक, मऊ भात; तेही वाटीवाटीनं, दिवसातून सहा वेळा. तूप, गोड, मटण वर्ज्य. पोटभर जेवण दिल्यास जिवाला धोका. या शेवटच्या ओळीखाली रेघसुद्धा मारली होती.

आता तुम्हीच सांगा, कुणाला पटेल? जेवून माणूस मरतो? फिरंग्यांची मिरची मी डोळे झाकून मानली होती, बावीस फूट आतडं मानलं होतं, पण हे मानायला मन तयार होईना. म्हटलं, गोऱ्या डॉक्टरला आमच्या तालमीतल्या पोटाची काय माहिती! आणि समोर ती म्हातारी. तिला काय सांगू, पोराला पेज घाल?

"म्हणतो, अशक्तपणा आहे. चांगलं खाऊ घाला," मी म्हणालो.

"तुपाचं काय लिवलंय?"

"तुपाचं आहे."

"गोडाचं?"

"गोडाचंही आहे."

"आन मटान?"

"मटणाचं तर स्पष्टच लिहिलंय!"

बघा, पहिलं उत्तर सोडलं तर एक अक्षर खोटं बोललो नाही.

मला वाटलं, एखादी पोळी खाईल आणि झालं. पण तिथं सगळी आळी ऐकत होती. तासाभरात गावभर झालं, की सर्जेरावाला तूप, गोड आणि मटण घालायचं असा सरकारी कागद आलाय! मग काय विचारता! आज आमच्यात, उद्या तुमच्यात. पाटलांच्यात खपली गव्हाची खीर, तालमीच्या वस्तादांच्यात बोकड. ज्या घरी जेवायला जाणार नाही ते घर रुसणार. आता मागं कसं फिरायचं? "मी खोटं बोललो" असं म्हणायला तोंड लागतं, आणि माझं तोंड त्या वेळी खिरीत होतं. प्रत्येक पंगतीला त्याच्या शेजारचा पाट माझा ना!

आणि आपल्याकडचा आग्रह तुम्हाला ठाऊक आहे. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप ओततात. हौसाक्काच्या घरची पंगत तिसऱ्या दिवशी होती. सर्जेराव मान खाली घालून जेवत होता. ताटातलं शीतही टाकत नव्हता. ती खोड त्याला जपान्यांच्या छावणीत लागली होती.

"पुरं, दत्त्या," तो हळूच म्हणाला. कपाळावर घाम होता.

मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!"

त्यानं खाल्ली. आपल्यात शपथ मोडत नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचे पाय भरलेले दिसले. घोटे गोल, पिंढऱ्या गच्च. हौसाक्का हरखली. "बगा, अंग धरलं माज्या लेकानं!" आळीतल्या बायका येऊन पाय बघून गेल्या. आणि मी! मी तिथं उभा राहून सांगितलं, की माणसाला मांस आधी पायाला धरतं, मग वर चढतं. हे मी कुठं वाचलं होतं? कुठंच नाही! जिभेवर आलं, बोललो.

दुपारी त्याला श्वास पुरेना. ओठ काळेनिळे पडले. गाडी जुंपली आणि कराड गाठलं. सगळ्या वाटेनं हौसाक्का त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी बैलांना मारत होतो. आयुष्यात त्यापूर्वी कधी बैलावर आसूड ओढला नव्हता.

डॉक्टरांनी पाय दाबला. अंगठा रुतला तिथं खळगा तसाच राहिला. "सूज आहे ही. काय घातलंत याला? लष्करानं कागद दिला असेल की!"

हौसाक्कानं पदराची गाठ सोडली. कागद तिथं जपून ठेवला होता. "हाय की, डाक्टर. त्यातलं समदं केलं आमी. येक सुदिक चुकवलं न्हाई."

डॉक्टरांनी वाचला. परत वाचला. मग तिला समजेल असं सांगू लागले, की उपाशी शरीर आधी चरबी खातं, मग मांस खातं, शेवटी हृदयसुद्धा झिजतं. अशा माणसावर एकदम अन्नाचा मारा झाला, की झिजलेलं हृदय थकून बंद पडतं. "बाई, उपासातनं वाचलेली कितीतरी माणसं पहिल्या पोटभर जेवणानं गेलीत. तेच लिहिलंय की यात. कुणी वाचला हा?"

तिनं डॉक्टरांच्या हातातून कागद घेतला आणि माझ्यापुढं धरला.

"मास्तर, पुन्यांदा वाच."

मी वाचला. एकेक ओळ, मराठीत, रेघ मारलेल्या ओळीसकट. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यापेक्षा तिनं पायताण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सर्जेराव वाचला. सतरा दिवस कराडात पडून होता, आणि मी रोज त्याला चमच्यानं पेज पाजत होतो. घोटाघोटाला वाटायचं, हाच शेवटचा. तालीम मात्र त्याला कायमची सुटली.

बोलायला लागला त्या दिवशी मी त्याचे पाय धरले. म्हटलं, "सर्जा, कागदात तसं नव्हतं रे. मी खोटं सांगितलं."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "पुन्यातल्या डाक्टरनं हिंदुस्थानीत समजावलं हुतं की मला. पेज खा, न्हाईतर मरशील."

मी उडालोच. "आरं, मग खाल्लंस का? बोलला का न्हाईस?"

 त्याला माझ्या विचारण्याचंच खरं नवल वाटलं.

"आरं गड्या, तू कागद वाचून दावलास नव्हं? म्हनलं, मास्तर शिकल्याला हाय. माजंच ऐकन्यात चुकलं आसंल."