मिठाने घासलेला पाइप

आमच्या घरात पांढऱ्याला मान होता, कारण पांढऱ्यावरच आमचं पोट होतं. बाबा कोपरीच्या पलीकडे मिठागरात कामाला. मीठ पांढरं निघालं तर मुकादम गप्प, मातकट निघालं तर त्याच्या शिव्या सगळ्या वाडीला ऐकू जायच्या. पावसाळाभर काम बंद. तेव्हा आई नौपाड्यात भांडी घासायची आणि बाबा मिळेल ती हमाली करायचे. भरतीचं पाणी घरात शिरलं की आम्ही भावंडं खाटेवर बसून जेवायचो. जेवण म्हणजे भात आणि सुकटीचं पातळ कालवण. बाबांच्या तळपायांना खाऱ्या पाण्याने भेगा पडलेल्या. पुढे मिठागर बंद झालं. भेगा भरत आल्या आणि घरातलं खाणं आणखी कमी झालं.

आई ज्यांच्याकडे कामाला होती ते सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. एकटेच राहायचे. त्यांनी मला अकरावीपासून बी.एस्सी. होईपर्यंत शिकवलं. उपकार केले असं मी म्हणणार नाही, मीही मान मोडून अभ्यास केलाय. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आज डोंबिवलीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट आहे, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगते.

सरांना लकवा झाला, उजवा हात गेला, तेव्हा त्यांच्या पाइपाची देखभाल माझ्याकडे आली. पाइप मीरशॉमचा, म्हणजे एका पांढऱ्या, हलक्या दगडाचा. हातात घेतला तर किनाऱ्यावर सापडणाऱ्या समुद्रफेसासारखा लागतो. सरांनी तो तरुणपणी तुर्कस्तानातून आणला तेव्हा दुधासारखा होता म्हणे. ओढत राहिलं की धूर त्या दगडात मुरतो आणि बुडापासून वर रंग चढत जातो. त्याला वर्षं लागतात. सरांच्या पाइपाचं बूड काकवीसारखं झालेलं, वर मधाचा रंग, आणि कडेला बोटभर पट्टा अजून कोरा.

डॉक्टरांनी ओढणं बंद करायला सांगितलेलं. सरांनी भांडून रविवारचा एक पाइप राखून ठेवला. "रंग कडेला लागलेला बघायचाय मला," ते म्हणायचे. "मग काय व्हायचं ते होऊ दे." याखेरीज त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

काम नाजूक होतं. पाइप गरम असताना दगडाला बोट लावायचं नाही, डाग उमटतो, दांडीलाच धरायचं. दांडी काढायची ती पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर तडा जातो. राख कागदाच्या बोळ्याने टिपायची, सुरी घालायची नाही. पाणी तर दाखवायचंच नाही. आणि अधूनमधून दगड जरा उबवून त्याला मधमाशीचं मेण चोळायचं. हे सगळं मला येत होतं, आणि येतं याचा तोराही होता. घरी मात्र मी कुणाला काही समजावलं नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मनात होतं.

त्या नवरात्रात मेण लावायला पाइप घरी आणला. टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीतून तो ओढणीत गुंडाळून, छातीशी धरून आणलेला. खंडेनवमीला कारखान्यात मशिनांची पूजा होती, म्हणून पाइप घरी ठेवून सकाळीच निघाले.

आमच्या घरी बाबा त्या दिवशी मीठ ओढायचं लाकडी फावडं पाटावर मांडतात. मिठागर गेलं तरी फावड्याची पूजा थांबली नाही. शेजारी आईचा कोयता आणि माझी पुस्तकं. पूजेला बसवायची वस्तू घासूनपुसून ठेवायची, ही घरची रीत. संध्याकाळी आले तर पुस्तकांच्या बाजूला सरांचा पाइप, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. आणि पांढरा. चिंचेने आणि बारीक मिठाने घासघासून काढलेला, अंगभर ओरखडे. बुडाशी कुठे कुठे पिवळट झाक उरलेली.

बाबा कौतुकाची वाट बघत उभे होते. "बाय, बघ कसा निघालाय," ते म्हणाले. "तुझे सरांचा हाय ना? असा मळका कसा द्याचा परत?"

मी ओरडले नाही. तो मळ नव्हता, तो रंग होता, असं सांगितलं. किती वर्षांचा ते सांगितलं. बाबा फावड्याशेजारी खाली बसले आणि मग बराच वेळ त्यांनी पाइपाकडे बघितलंच नाही. आईने जेवायला वाढलं, ते तसंच राहिलं. मला आमच्या घराची लाज वाटली. चिंचेची, मिठाची, त्या पाटाचीसुद्धा. ज्या रीतीने मला वाढवलं तिची लाज वाटली.

दसऱ्याला सरांकडे मी एकटीच जाणार होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. मी म्हटलं, तुम्ही नका येऊ. ते म्हणाले, घासला मी, सांगेन पण मीच.

सरांच्या हातात आपट्याची पानं द्यायच्या आधी बाबांनी पाइप दिला. "मना वाटला, मळ बसलाय," ते म्हणाले. "आमचे मिठागरान पांढरा तोच चांगला."

सरांनी डाव्या हाताने पाइप फिरवून फिरवून पाहिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू यांना सांगितलं नव्हतंस?" मी नाही म्हटलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, संपलं. मग मान वळवून, लकव्याने वाकड्या झालेल्या तोंडानेच, ते बाबांना म्हणाले, "रंग कडेला लागेपर्यंत जगायचं ठरवलं होतं मी. तुम्ही तर पुन्हा पहिल्यापासून जगायला लावलंत."

आणि मग त्यांनी तोड काढली. रविवारच्या एका पाइपाने काही व्हायचं नाही. बाबा विडी ओढतातच. त्यांनी विडी सोडायची आणि रोज संध्याकाळी येऊन सरांच्या गॅलरीत हा पाइप ओढायचा.

त्यानंतरची माझी लाज रोजची होती. ओरखडे मी बारीक पॉलिश पेपरने घोटले, नवं मेण चढवलं, पण पाइप बाबांच्या हातात. ते चिलमीसारखी मूठ वळायचे, मी दांडीला धरायला लावायचे. विडीसारखा दणकून झुरका घ्यायचे आणि ठसका लागायचा. समोरच्या इमारतीतली माणसं बघायची. सर मजेत ओरडायचे, "सावकाश हो, रेल्वे चालवायची नाही आपल्याला!"

एकदा सोसायटीचे एक गृहस्थ मीटिंगचं सांगायला आले. गॅलरीकडे बघून हसत म्हणाले, "काय सर, गड्याला पाइप द्यायला लागलात?"

मी शेजारी बसून राखेसाठी कागदाचे बोळे वळत होते. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बोळे वळत राहिले. तेवढ्यात बाबाच उठून उभे राहिले आणि म्हणाले, "रंग चढवाचा काम धरलाय, साहेब." माझ्याकडे त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. मला वाचवण्यासाठी ते गडी व्हायला तयार होते.

"ते माझे वडील आहेत," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं.

गृहस्थांनी बरं बरं केलं, मीटिंगची वेळ सांगितली आणि गेले. बाबा खाली बसले. पाइप विझला होता, तो त्यांनी पुन्हा पेटवला. दांडीला धरून.

रंग पुन्हा बुडापासूनच चढला, पण पहिल्यापेक्षा लवकर, दोन-तीन वर्षांतच. आतला धूर आतच होता, आणि आता ओढणारे दोघं होते. ओरखड्यांच्या जागी तो जास्त गडद बसला. या गुढीपाडव्याला तो सगळीकडून कडेला लागला. सरांनी पाइप उजेडात धरून पाहिला, मग बाबांनी पाहिला.